काठीखालचं नववं

गेरानं निरोप सांगितला तेव्हा मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून नखांत गेलेली दगडाची भुकटी काडीनं काढत होतो. गेरा म्हणजे आमचा म्हातारा मेंढपाळ, बाबांच्या लग्नाआधीपासून आमच्याकडे. तकोव्याहून, आमच्या गावाहून, पहाटे निघून तो दुपारी यरुशलेमला पोचला होता आणि वर यायचं सोडून गल्लीतूनच ओरडला, "योएजर, दादानं विचारलंय, वाटणी झाली का नाही ते सांग." समोरच्या दोन खिडक्यांतून दोन डोकी बाहेर आली. या शहरात घरं एकमेकांच्या मांडीवर बसलेली, त्यामुळे निरोप इथं एकट्याला कधीच मिळत नाही. मी म्हटलं, "वर ये की. वाटणी काय रस्त्यात उभं राहून विचारायची गोष्ट आहे?" तो म्हणाला, "गुडघे नाही म्हणतात. आणि दादा म्हणाला, विचार आणि उत्तर घेऊनच परत फिर. आदार महिना सरत आला, सण तोंडावर. कोकरं कोंडायची का नाही ते ठरायला नको?" मी खाली उतरलो, त्याला पाणी दिलं, त्यानं वहिनीनं पाठवलेलं चीज दिलं. "परवा मी स्वतः येतो," मी म्हणालो. "आणि उत्तर?" "तेही माझ्याबरोबर येईल." गेरानं पाण्याचं भांडं पायरीवर ठेवलं. "तुझ्या बापानं इतका वेळ नसता लावला," असं म्हणून तो उठला आणि मी त्या गल्लीत, हातात चीज धरून, उगाचच उभा राहिलो.

माझ्या भावाचं, हनानेलचं, हे असंच. त्याला साधा प्रश्न पडतच नाही. दुसरा कोणी असता तर कोकरं मोजून मोकळा झाला असता, किंवा न मोजता. पण याला आधी कळायला हवं की आम्ही भाऊ आहोत की भागीदार. नियम तसा सरळ आहे. बाप मेला आणि घर एकत्र राहिलं, तर ते अजून बापाचंच घर, त्यातल्या कोकरांना काठीखालून जावं लागतं आणि दर दहावं परमेश्वराचं. पण भावांनी एकदा वाटणी केली, की एकानं दुसऱ्याकडून विकत घेतल्यासारखंच ते, आणि मग मेंढरं परत एका कुरणात चरू लागली तरी तो नुसता दोघांचा धंदा. भागीदारांना काठी नाही. ज्याला देवानं घर म्हणून ओळखायचं, त्याच्याकडूनच तो दहावं मागतो. लहानपणी मला वाटायचं की दशमांश म्हणजे कर, आणि जो त्यातून सुटला तो नशीबवान. आता त्या गल्लीत पहिल्यांदा असं वाटलं की सुटणं म्हणजे कोणीतरी तुमचं नाव यादीतून काढून टाकणं. आणि मी तर सुटायच्याच बेतात होतो.

मी दगडाची भांडी करतो. शहराबाहेरच्या उतारावर मऊ पांढऱ्या दगडाची खाण आहे, तिथंच यद्दूवाचा कारखाना. दगडाला विटाळ लागत नाही म्हणून याजकांच्या घरांतून प्यालांना आणि रांजणांना मागणी. अकरा वर्षं मी यद्दूवाच्या हाताखाली दगड कोरतोय. येत्या सणानंतर तो कायमचा यरीहोला, मुलीकडे जाणार आणि कारखाना मला देऊ म्हणतोय. माझ्या वाट्याची मेंढरं हातात आली तर तो माझा होतो. माझा, एकट्याचा. भांड्याच्या बुडाला माझी खूण. खरं सांगायचं तर हनानेलनं हिवाळ्यातच कळवलं होतं की वेगळं व्हायची काय गरज, घरच्या पैशातूनच कारखाना घेऊन टाकू. तेव्हा मला राग आला होता. इतका उदार माणूस भाऊ म्हणून असला की रागवायला जागाच राहात नाही, आणि म्हणून जास्त राग येतो. गेरा येऊन गेला त्या संध्याकाळी मीखल, माझी बायको, डाळ निवडत म्हणाली, "घरातून घेतला तरी दगड तोच ना? भुकटी तीच?" "तुला नाही कळायचं," मी म्हणालो. "नसेल कळत," ती म्हणाली. "पण मोठे भाऊजी काही विचारत असले तर हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. मामंजी जाऊन सहा महिने झाले, तुम्ही दारात एक पाय आत नि एक बाहेर टाकून उभे आहात. वारा येतो."

तिसऱ्या दिवशी पहाटेच निघालो. दक्षिणेकडचा रस्ता तासाभरात उघडा पडतो. डावीकडे रान उतरत उतरत खाऱ्या समुद्राकडे जातं आणि त्या बाजूला पाहिलं की तोंड आपोआप बंद होतं. मी मनात शब्द घोळवत होतो. "झाली." एवढाच शब्द. बाबा वारले त्या शोकाच्या आठवड्यात, पाचव्या दिवशी, जमिनीवर बसलेलो असताना, माणसांसमोर मी म्हणालो होतो, "दादा, माझं मला दे." कशावरून ते आता नीट आठवतही नाही. कोणीतरी पाहुण्यानं विचारलं होतं, धाकटा शहरात काय करतो, आणि हनानेल म्हणाला होता, "तो काही का करेना, आमचं सगळं एकच आहे." ते 'एकच' माझ्या घशाखाली उतरलं नाही.  हनानेलनं हो-नाही काही म्हटलं नाही. नुसता खाली पाहात शोकात फाडलेल्या अंगरख्याची कड ओढत राहिला. आता त्याचा प्रश्न बहुधा हाच असणार की ते बोलणं वाटणीत धरायचं का. धर की, मी मनात म्हणत होतो. माणसांसमोर बोललोय. झाली म्हणून धर आणि मला मोकळं कर.

पण रस्ता लांब आणि एकट्यानं चालताना एकच शब्द किती वेळ घोळवणार. मधे मधे बाबाच येत होते. त्यांची गणती. आजवर मी याजकांच्या मोठमोठ्या मिरवणुका पाहिल्या, मंदिरातलं गाणं ऐकलं, पण बाबा वाडग्याच्या, मेंढरांच्या कोंडवाड्याच्या, दाराशी काठी घेऊन उभे राहायचे त्याच्याइतकं देखणं काही पाहिलं नाही. वाडग्याला दार इतकं अरुंद की एका वेळी एकच कोकरू निघावं. त्यांच्या आया बाहेर उभ्या करायच्या. आत हात घालायचा नाही, एकाला पुढे नि एकाला मागे ढकलायचं नाही. आई हाक मारील तसं ज्याला वाटेल त्यानं यायचं. एक, दोन, तीन. काठी नुसती पाठीला टेकते न टेकते. आणि बाबा कोकराच्या तोंडाकडे बघायचे नाहीत. नजर उंबऱ्यावर, खुरांवर. दहावं आलं की काठीचं गेरूत बुडवलेलं टोक त्याच्या पाठीवर, आणि आवाज न चढवता, "दहावं. हे दशमांश." ते मग गुबगुबीत असो की मरतुकडं. चांगलं आहे का वाईट हे बघायचं नाही, बदलायचं नाही, आणि बदललंच तर हेही परमेश्वराचं आणि तेही परमेश्वराचं. आमचा सगळा बाजार, सगळी सोयरीक, सगळं आयुष्य निवडण्यावर चाललेलं, आणि वर्षात तीनदा, सणांच्या आधी, एक माणूस दाराशी उभा राहून म्हणतो, मी निवडणार नाही. हे ज्यानं सांगितलं त्याला माणसाची नस न् नस ठाऊक असली पाहिजे. माणसाला निवडू दिलं तर तो एकतर वाईट तेच देईल किंवा चांगलं देऊन जन्मभर सांगत फिरेल.

एका वर्षी एक करडू मोजून बाहेर पडलं आणि काय मनात आलं कोण जाणे, उडी मारून परत आत. बाबांनी काठी खाली टाकली आणि हसायलाच लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. एकदा मोजलेलं पुन्हा मोजता येत नाही, आणि आता आतलं कुठलंही ते असू शकतं, म्हणून आत होती तेवढी सगळी सुटली. मी तेव्हा दहाएक वर्षांचा असेन. मी म्हणालो, "बाबा, ते पांढऱ्या कानाचं होतं. त्याला वेगळं काढा ना." बाबा म्हणाले, "होतं असेल. मी पाहिलंच नाही त्याच्याकडे." मला तेव्हा ते बावळट वाटले होते. सबंध वाडगं एका करडाच्या मस्तीनं मोकळं झालं आणि या माणसाला त्यात काही गेल्यासारखं वाटेना. शंका आली की देव आपला हात आखडून घेतो, ते म्हणाले, आपणही तसं शिकावं. कारखान्यात माझ्या शेजारी एक याजकाच्या घरचा मुनशी बसतो, तो मला नेहमी चिडवतो, "तुमच्या दहाव्यातलं आम्हाला हाडही मिळत नाही." खरं आहे. पहिलं जन्मलेलं याजकांचं, पण दहाव्याचं रक्त आणि चरबी तेवढी वेदीवर, मांस सगळं परत आमच्या हातात. एकच अट, की ते शहराच्या कोटाच्या आत बसून खायचं. म्हणजे देव मागतो आणि मागितलेलं घेऊन आपल्यालाच जेवायला बोलावतो. लहानपणी आम्ही कोणाकोणाच्या गच्चीवर बसून जेवलो. अकरा वर्षं झाली, सगळे माझ्या खोलीत येतात, पायाला पाय लागतो, वहिनी आणि मीखल एकमेकींच्या मिठाला नावं ठेवतात. वाटणी झाली की दहावं नाही. दहावं नाही तर हे लोक माझा जिना चढणार कशासाठी? हा विचार मी तिथंच रस्त्यात थांबून केला आणि मग मला माझाच राग आला, कारण मी "झाली" म्हणायला निघालो होतो, जेवणावर रडायला नव्हे.

तकोव्यात शिरलो तेव्हा मेंढ्यांचा आवाज आधी आला. म्हणजे कोंडली होती. तिर्सावहिनी दारातच भेटली. "आलास? पाय धू. तोंड कसलं झालंय, दगड खातोस की काय तिकडे?" तिनं भाकरी आणि ऑलिव पुढे केले. मी म्हटलं, "दादा कुठंय?" "कुठं असणार? सकाळपासून वाडग्याशी बसलाय. जेवला नाही. तीन दिवस नीट झोपला नाही. तुझ्यासाठी नव्हे हं, लगेच फुगू नकोस. त्याचं त्यालाच काहीतरी खातंय. मला सांगत नाही." मी अर्धी भाकरी हातात घेऊन तसाच मागं गेलो.

हनानेल वाडग्याच्या कुंपणाला पाठ टेकून बसला होता. गेरूचं भांडं कालवून ठेवलेलं. काठी मात्र त्याच्यापासून चार हात लांब, जमिनीवर. बाहेर आया कल्ला करत होत्या, आतून बारके आवाज. गेरा पलीकडे मेंढ्या आवरत होता. मी जवळ जाऊन बसलो. हनानेलचे केस कानांवर पांढरे झाले होते, सहा महिन्यांत. मी "झाली" म्हणायला तोंड उघडलं, आणि तो म्हणाला, "थांब. आधी माझं ऐक. शोकाच्या पाचव्या दिवशी तू बोललास ना?" "बोललो." "ते मी धरत नाही. रागातलं होतं. बाप गेल्यावर माणूस काहीही बोलतो. पण तू बोललास तेव्हा मी मनात म्हणालो, घे आणि जा." त्यानं गेरूचं भांडं बाजूला सारलं. "नुसतं तेवढंच नाही. म्हणालो, जा आणि परत येऊ नको. आणि योएजर, ते रागातलं नव्हतं. मला बरं वाटलं. अगदी हलकं वाटलं. वाटलं, सुटलो याच्या रुसण्याफुगण्यातून, आता सगळं माझं." मी हातातल्या भाकरीकडे पाहात होतो. तो पुढं म्हणाला, "मग हिवाळ्यात तुला घरातून कारखाना घेऊ म्हणून कळवलं. ते प्रेमानं नव्हतं. झाकायला होतं. आता तूच सांग, मनात मी तुला वेगळं काढलंय, आणि वर बापाच्या घरचा मुलगा म्हणून काठी उचलू? मला नाही जमत. तीन दिवस प्रयत्न केला."

मला आधी दुखलं. ते सांगायलाच हवं. आणि त्याचबरोबर एक नीच समाधानही झालं, की चला, हाही माझ्यासारखाच. दोघंही "माझं" म्हणूनच बसलो होतो, एक शहरात आणि एक इथं. आता तर "झाली" म्हणणं फारच सोपं होतं. त्यानंच दार उघडून दिलं होतं. पण मी ते जमिनीवरचं अंतर पाहात राहिलो, तो आणि काठी यांच्यामधलं, चार हातांचं. सहा महिन्यांपूर्वी मनात येऊन गेलेल्या एका वाक्यासाठी हा माणूस तीन दिवस काठीला शिवला नव्हता. कोण बघत होतं? गेराला काय कळणार होतं? मला तरी कधी कळलं असतं? मी इतकी वर्षं माझ्या मनातल्या गोष्टी आत ठेवून भांडी कोरत आलो आणि मला एकदाही हात थांबवावासा वाटला नाही. मला माझ्या भावाचा भयंकर अभिमान वाटला. हा नुसता भागीदार असता तर वाटणीत मी त्याला कोणालाही देऊन टाकला असता, पण हा माझा भाऊ होता आणि तो मला कोणाला द्यायचा नव्हता.

"तोंडानं बोललास?" मी विचारलं. "नाही." "कोणाला ऐकू गेलं?" "नाही." "मग काही झालेलं नाही. काठीखाली तोंडचा शब्द लागतो, बाबा सांगायचे ते विसरलास?" "मनाचं काहीच नाही?" "मनाचं तुझं तू बघ. मेंढरांना त्याचं काय?" तो माझ्याकडे वळला. "आणि तू? तू तर तोंडानं बोललास." "मी मागितलं. तू दिलं नाहीस. गप्प बसलास, अंगरखा ओढत." "मग आपण कोण?" "काठी इकडे दे," मी म्हणालो. "तू मोजणार? तुला येतं?" "घरातल्या कोणालाही मोजता येतं." हे मी बोललो आणि मग मला कळलं की उत्तर देऊन झालं. कारखाना आता एकट्याचा होणार नव्हता. बोलताना फार जड जाईल असं वाटलं होतं. गेलं, पण फार थोडं. हनानेल उठला, काठी उचलून त्यानं माझ्या हातात दिली.  गेरानं दाराचा आडवा दांडा काढला.

एक. मी उंबऱ्यावर नजर लावली. दोन. खुरं दिसत होती, काळी, अजून मऊ. तीन, चार. मागून आया ओरडत होत्या आणि प्रत्येक बाहेर पडलेलं कोकरू आपल्या आईला शोधत धडपडत जात होतं, त्याचा मला नुसता आवाज येत होता. पाच. दगड कोरताना हात जसा स्थिर होतो तसा झाला. सहा, सात. तेवढ्यात हनानेलनं नाक ओढलं. मी वर पाहिलं. तो रडत होता, तोंड वाकडं करून, लहानपणी रडायचा तसा, आणि मी खाली पाहिलं तोवर आठवं पाठीला काठी लागून गेलं होतं, आठ असं मी म्हणालोही होतो बहुतेक, आणि पुढचं दारात होतं. माझ्या तोंडून निघालं, "दहावं. हे दशमांश." गेरूचं टोक त्याच्या पाठीवर उमटलं.

"नववं होतं रे ते!" गेरा ओरडला. हनानेलचं रडणं जागच्या जागी थांबलं. "पुढचं येतंय," तो घाईनं म्हणाला, "मागं बघू नको, बोल, पुढचं खरं दहावं आहे, बोल!" मी बोललो. दुसरी लाल पाठ बाहेर गेली. मला दरदरून घाम फुटला होता, पण अकरावं आलंच होतं, म्हणून पुन्हा एकपासून धरलं, आणि मग चुकलो नाही. चौतीस कोकरं निघाली. तीन दहावी, वरची चार पुढच्या गणतीला राहिली. वाडगं रिकामं झालं तेव्हा मी काठी कुंपणाला टेकवून खाली बसलो. हनानेलनं माझ्याकडे पाहिलं आणि हसायला लागला. पोट धरून, बाबांसारखा. "अकरा वर्षं भांडी मोजतोस," तो म्हणाला, "आणि आठानंतर दहा?" "तू नाक ओढलंस म्हणून!" "माझ्यावर ढकल. मोठा आहे ना मी." गेरा पुटपुटला, "बाप असता तर काठीनं बडवला असता," पण तोही हसत होता.

मग आम्ही चार लाल पाठीची कोकरं बाजूला काढली. तीन सणाला माझ्याबरोबर शहरात जातील. चौथं, चुकून दहावं म्हटलेलं नववं, सगळ्यांत लहान होतं, थोडं तपकिरी, आणि ते हनानेलच्या अंगरख्याची कड चघळत होतं. "याचं काय?" मी विचारलं. मला ठाऊक होतं, पण त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. "शब्द पडला म्हणजे ते परमेश्वराचं झालं," हनानेल म्हणाला, "पण वेदीवर जाणार नाही, कारण ते खरं दहावं नाही. आता हे चरायचं. लोकर कापायची नाही, विकायचं नाही, कोणाला द्यायचं नाही. कधीतरी लंगडेल, डोळा जाईल, अंगाला काही खोट येईल, त्या दिवशी तू आणि मी बसून खायचं." "आणि तोवर मी वाटणी मागितली तर?" त्यानं जरा विचार केला. तो विचार केल्याशिवाय उत्तर देतच नाही. "बाकी सगळ्याची निघेल," तो म्हणाला. "ह्याची नाही निघायची. हे त्याचं आहे, आणि आपण एका घरचे होतो म्हणूनच त्याचं झालं." गेरानं कोकराला मानेला धरून उलटसुलट पाहिलं. "जात चांगली आहे," तो म्हणाला, "काही झालं नाही तर आठ-दहा वर्षं सहज काढेल." मी गुडघ्यावर बसलो. गेरूनं हात लाल झाले तरी त्या कोकराचे चारही पाय मी एकेक करून हातात घेतले, खुरापासून वरपर्यंत चाचपले, डोळे पाहिले, दोन्ही कान पाहिले. कुठंही खोट नव्हती. चांगलं धडधाकट होतं. मला फार बरं वाटलं.